डिझेल की हायब्रिड: इंदूरच्या रस्त्यांवर मांडलेला हिशेब

आमच्या घरी 2012 साली डिझेल गाडी आली तेव्हा त्या निवडीसाठी फारसा विचार करावा लागला नव्हता. त्या वर्षी मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांवर गेले होते आणि डिझेल 41 रुपयांच्या आसपास मिळत होते. म्हणजे डिझेल लिटरमागे जवळजवळ 44 टक्क्यांनी स्वस्त होते, आणि वर डिझेल गाडीचा अ‍ॅव्हरेजही अधिक. ज्याला दूरवर जायचे असते त्याने डिझेल घ्यावे, एवढे सरळ गणित तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होते. ती गाडी आम्ही तेरा वर्षे वापरली आणि तिने आम्हाला उत्तम साथ दिली. त्यामुळे गेल्या वर्षी ती बदलायचे ठरले तेव्हा घरातल्या बहुतेकांनी नवी गाडीही डिझेलचीच येणार असे गृहीत धरले होते. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात कॉस्ट अकाउंटंट आहे. जुन्या हिशेबाच्या आधारावर नवा खर्च मंजूर करणे मला व्यवसायात जमत नाही, आणि घरातही ते मला पटेना.

ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि दोन इंधनांमधले अंतर कमी होत गेले. आम्ही हिशेब मांडला तेव्हा इंदूरला पेट्रोल 106 रुपयांच्या आणि डिझेल 92 रुपयांच्या आसपास होते. टक्क्यांत पाहिले तर 44 चा फरक 13 वर आला होता. दुसरा बदल 1 एप्रिल 2020 रोजी झाला. त्या दिवशी देशभर बीएस-6 ही वाहनांच्या धुराची मानके लागू झाली आणि डिझेल मोटारींना नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला 250 मिलिग्रॅमवरून 80 मिलिग्रॅमवर, तर काजळीच्या कणांची 25 मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आणावी लागली. त्यासाठी लागणारी यंत्रणा छोट्या गाडीला परवडणारी नव्हती. मारुतीने त्याच वेळी डिझेल गाड्या बनवणे थांबवले. आमच्या जुन्या गाडीसारखी आटोपशीर डिझेल गाडी आता बाजारात जवळजवळ मिळतच नाही; डिझेल घ्यायचे तर बहुधा एसयूव्हीच घ्यावी लागते. विजेच्या गाडीचा विचार आम्ही केला, पण आमच्या इमारतीत गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात आणि तिथे चार्जिंगची सोय होण्यासारखी नाही. सीएनजीच्या टाकीने डिक्की भरून जाते. म्हणून आमच्यापुरता प्रश्न डिझेल की हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी, एवढाच उरला.

माझे दीर खरगोनला राहतात आणि त्यांचा शेतीच्या अवजारांचा व्यवसाय आहे. त्यांची डिझेल एसयूव्ही आठवड्यातले बरेच दिवस निमाडातल्या रस्त्यांवर असते. ते म्हणाले, "वहिनी, घाट चढताना जो जोर लागतो तो डिझेलमध्येच असतो. बॅटरीच्या भानगडीत पडू नका. आठ वर्षांनी ती बदलायची वेळ आली की सगळी बचत तिथेच जाईल." भाऊजींचे म्हणणे अनुभवातून आलेले होते आणि मी ते सुरुवातीपासून गांभीर्याने घेतले. माझे पतीही त्यांच्याच बाजूचे होते. माझे म्हणणे इतकेच होते की भाऊजींचा अनुभव भाऊजींच्या रस्त्यांचा आहे, आणि आपली गाडी कोणत्या रस्त्यांवर चालते हे आधी लिहून काढले पाहिजे.

ते लिहून काढणे हाच या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत उपयोगी भाग ठरला, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. जुन्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्यांवर किलोमीटरचे आकडे होतेच. त्यांवरून वर्षाला सुमारे 12,000 किलोमीटर होतात हे कळले. पण हे किलोमीटर कसे झाले हे पावती सांगत नाही. म्हणून काही महिने मी रोज रात्री गाडीचे रीडिंग आणि दिवसभरातल्या फेऱ्या वहीत टिपल्या. मी स्वतः कंपनीच्या बसने जाते, त्यामुळे गाडी पतींच्या महाविद्यालयासाठी, सासूबाईंच्या दवाखान्यासाठी, मंडईसाठी आणि मुलीच्या क्लाससाठी वापरली जाते. आम्ही राजेंद्रनगरला राहतो. तिथून महाविद्यालय फार दूर नाही, दवाखाना त्याहून जवळ, आणि राजवाड्याच्या बाजूला जायचे म्हटले तर अंतर थोडे असले तरी वेळ भरपूर लागतो. वहीतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एकूण अंतरापैकी दोन-तृतीयांश शहरातच कापले जात होते, आणि शहरातल्या बहुतेक फेऱ्या इतक्या छोट्या होत्या की इंजिन पुरते तापायच्या आत गाडी परत बंद होत असे. पुण्याच्या माहेरच्या फेऱ्या, खरगोन, उज्जैन, ओंकारेश्वर हे सगळे मिळून उरलेला एक-तृतीयांश होत होता. आमच्या मनात मात्र गाडीचे चित्र नेहमी पुण्याच्या रस्त्यावरचेच असे.

छोट्या फेऱ्यांचे महत्त्व मला आमच्या शेजारच्या काकांच्या गाडीवरून उमगले. त्यांनी बीएस-6 डिझेल गाडी घेतली आहे आणि ती ते घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढीच चालवतात. एका संध्याकाळी त्यांच्या डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुराच्या गाळणीचा, दिवा लागला आणि सर्व्हिस सेंटरने त्यांना गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगात चालवून आणायला सांगितले. मी मुद्दाम त्यांच्यासोबत गेले. रात्री जेवणानंतर आम्ही बायपासवर गेलो आणि देवासच्या दिशेने वीस-पंचवीस मिनिटे न थांबता गाडी चालवली, तेव्हा दिवा विझला. काकांना हे वारंवार करावे लागते.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. डीपीएफ म्हणजे धुराच्या नळीत बसवलेली सच्छिद्र सिरॅमिकची गाळणी. डिझेल जळताना जी काजळी होते ती या गाळणीत अडकते, म्हणून नव्या डिझेल गाडीमागे पूर्वीसारखा काळा धूर दिसत नाही. अडकलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी गाळणीचे तापमान सुमारे 600 अंशांपर्यंत जावे लागते. हमरस्त्यावर धूर गरम असतो आणि हे काम चालकाच्या नकळत होऊन जाते. शहरातल्या छोट्या फेरीत ते तापमान येत नाही, तेव्हा इंजिन जादा डिझेल फवारून गाळणी तापवायचा प्रयत्न करते. तेवढ्यात गाडी घरी पोहोचून बंद झाली की काम अर्धवट राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रयत्न होतो, पुन्हा डिझेल खर्च होते, आणि न जळलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. ऑइल पातळ होते, त्याची पातळी वाढते आणि इंजिनाची झीज होऊ लागते. अनेक गाड्यांत याशिवाय नायट्रोजन ऑक्साइडसाठी वेगळी व्यवस्था असते, तिला 32.5 टक्के युरिया असलेले द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते आणि ते संपत आल्याची सूचना दुर्लक्षून चालत नाही. ही यंत्रणा वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. शहराच्या हवेसाठी ती आवश्यक आहे. पण ती लांब पल्ल्याच्या गाडीसाठी अनुकूल आहे, आणि आमच्या वहीतल्या फेऱ्या नेमक्या तिला न मानवणाऱ्या होत्या.

यानंतर आम्ही शोरूम पाहायला लागलो. तिथे पहिली अडचण अशी की हायब्रिड हा शब्द सरसकट वापरला जातो. एका शोरूममध्ये विक्रेत्याने एका साध्या पेट्रोल गाडीकडे बोट दाखवून "मॅडम, ही पण हायब्रिडच आहे आणि लाखो रुपयांनी स्वस्त आहे" असे सांगितले. ती माइल्ड हायब्रिड होती. तिच्यात अल्टरनेटरच्या जागी थोडा मोठा जनरेटर असतो, तो सिग्नलवर थांबलेले इंजिन चटकन सुरू करतो आणि वेग घेताना किंचित हातभार लावतो; पण ती गाडी केवळ विजेवर एक मीटरही चालत नाही. आम्हाला जी हवी होती ती स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे नुसत्या विजेच्या मोटरवर निघू शकणारी आणि कमी वेगात इंजिन बंद ठेवून चालणारी. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या 2022 साली आलेल्या जोडगाड्यांत हीच व्यवस्था आहे: दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन, 80 पीएसची विजेची मोटर, दोन्ही मिळून 116 पीएस आणि 0.76 युनिट साठवणारी छोटी लिथियम-आयन बॅटरी. ही बॅटरी बाहेरून चार्ज करायची नसते. ब्रेक लावताना आणि उतारावर जी शक्ती एरवी उष्णतेत वाया जाते तिच्यातून, आणि गरज पडली तर इंजिनाकडून, ती भरत राहते.

तंत्राच्या बाबतीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट इंजिनाची होती. या गाड्यांचे इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीने चालते. त्यात आत येणाऱ्या हवेची झडप उशिरा मिटते, त्यामुळे दाबण्याच्या टप्प्यापेक्षा प्रसरणाचा टप्पा लांब मिळतो आणि त्याच पेट्रोलमधून अधिक काम निघते. या पद्धतीचा दोष असा की इंजिन मिनिटाला कमी फेऱ्यांनी (आरपीएम) फिरत असताना त्याला जोर राहत नाही. पण विजेच्या मोटरला शून्य वेगापासूनच पूर्ण जोर असतो, म्हणून एकाची उणीव दुसरी भरून काढते. गिअरबॉक्सच्या जागी ग्रहचक्रांची, म्हणजे मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांची, जुळणी आहे. तिच्यात क्लच नाही, पट्टा नाही, वेगळा स्टार्टर नाही. "यात दोन-दोन यंत्रे, म्हणजे दुप्पट बिघाड" असे एक ओळखीचे मेकॅनिक म्हणाले होते, पण झिजणारे भाग मोजायला बसल्यावर ते डिझेल ऑटोमॅटिकपेक्षा कमीच भरले.

कंपनीने सांगितलेला अ‍ॅव्हरेज 27.97 किलोमीटर होता. हे आकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थांच्या प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या चक्रानुसार आणि एसी बंद ठेवून काढलेले असतात. त्या चक्रात कमाल वेग ताशी 90 किलोमीटर असतो. एकाच पद्धतीने मोजलेल्या दोन गाड्यांची तुलना करायला ते उपयोगी आहेत, घरखर्चाचा अंदाज बांधायला मात्र पुरेसे नाहीत. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह रिंग रोडवर एक वळसा घालून संपते आणि तेवढ्यात सगळ्याच गाड्या छान वाटतात. म्हणून भाऊजींनी आपली डिझेल ऑटोमॅटिक काही दिवस आमच्याकडे ठेवली आणि विजयनगरच्या माझ्या मैत्रिणीने तिची हायब्रिड दिली. एकाच पंपावर टाकी फुल्ल करायची, वापरायची, पुन्हा त्याच पंपावर फुल्ल करायची आणि लिटर टिपायचे, एवढी सोपी पद्धत ठेवली. दोघांच्याही या मदतीशिवाय हा हिशेब झालाच नसता.

शहरातला रस्ता आम्ही नेहमीचाच निवडला: चोइथराम मंडी, कलेक्टर ऑफिस, जवाहर मार्ग, राजवाडा आणि परत. ऐन संध्याकाळी जवाहर मार्गावर हायब्रिड शांतपणे सरकत राहते. इंजिन बंद, एसी चालू, कारण तिच्या एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. बराच वेळ खोळंबा झाला की बॅटरी उतरते आणि इंजिन स्वतःहून सुरू होऊन ती भरते. डिझेल गाडी याच रस्त्यावर दमदार होती, पण थांबलेल्या अवस्थेत तिचे इंजिन चालूच होते आणि सासूबाईंना मागच्या आसनावर त्याचा कंप जाणवत होता. शहरात डिझेलचा अ‍ॅव्हरेज 14 च्या आसपास आला आणि हायब्रिडचा 21 च्या आसपास.

हमरस्त्यावर चित्र बदलले, आणि इथे भाऊजींच्या म्हणण्यातले तथ्य पुरेपूर दिसले. राऊ सोडून मुंबईच्या दिशेने निघाले की मानपूरच्या पुढे माळव्याचे पठार संपते आणि रस्ता निमाडात उतरतो. खलघाटला नर्मदेच्या पुलापर्यंत आपण इंदूरपेक्षा सुमारे 400 मीटर खाली आलेले असतो. परतताना तोच चढ चढायचा. डिझेल गाडी हा चढ जवळपास न बोलता चढली. 250 न्यूटन-मीटरचा जोर तिला मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवरच मिळतो. हायब्रिड चढली, पण चढाच्या मध्यावर बॅटरी उतरल्यावर इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या आणि त्याचा आवाज गाडीत भरून राहिला. वेग कमी झाला नाही, ओव्हरटेक करताना मात्र आधीपासून विचार करावा लागला. सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट उतरून महाराष्ट्रात शिरणाऱ्यांनाही हाच अनुभव येईल.

उतारावरचा हिशेब मी नंतर कागदावर केला, कारण उतारावर बॅटरी फुकट भरते या कल्पनेचे मला फार आकर्षण होते. माणसांसह 1,600 किलो वजनाची गाडी 400 मीटर खाली येते तेव्हा पावणेदोन युनिटांच्या आसपास ऊर्जा सुटते. बॅटरीत मावते पाऊण युनिट, आणि तिचे आयुष्य टिकावे म्हणून गाडी ती पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. म्हणजे लांब उतारावर ती थोड्याच वेळात भरते आणि पुढची शक्ती इंजिनाच्या आणि ब्रेकच्या विरोधातच जाते. ताशी शंभराच्या वेगात ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे सपाट रस्त्यावरही परत मिळवण्यासारखे फारसे काही नसते. तिथे हायब्रिड म्हणजे एक काटकसरी पेट्रोल गाडी. हमरस्त्यावर डिझेलचा अ‍ॅव्हरेज 20 च्या आणि हायब्रिडचा 19 च्या जवळ आला. इंधन डिझेलपेक्षा महाग, म्हणून तिथे हायब्रिड महाग पडली.

आता रुपयांकडे येते. 106 आणि 92 हे दर धरले तर शहरात डिझेलचा खर्च किलोमीटरला 6 रुपये 57 पैसे आणि हायब्रिडचा 5 रुपये 5 पैसे होतो. हमरस्त्यावर डिझेल 4 रुपये 60 पैसे आणि हायब्रिड 5 रुपये 58 पैसे. शहराच्या प्रत्येक किलोमीटरला हायब्रिड दीड रुपया वाचवते आणि हमरस्त्याच्या प्रत्येक किलोमीटरला रुपयाभर गमावते. यावरून समतोलाची जागा काढता येते: एकूण अंतरात शहराचा वाटा साधारण 39 टक्के असेल तर दोन्ही गाड्यांचा इंधनखर्च सारखाच. त्याहून जास्त शहर असेल तर हायब्रिड, कमी असेल तर डिझेल. आमचे 8,000 किलोमीटर शहराचे आणि 4,000 बाहेरचे. डिझेलला वर्षाला सुमारे 71,000 रुपये लागले असते, हायब्रिडला 62,700. फरक 8,300 रुपयांचा.

हा फरक मोठा नाही, आणि हे मी घरात स्पष्टपणे सांगितले. केवळ इंधनाकडे पाहून हायब्रिडची बाजू घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. खरी तफावत साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकशी तुलना केली की दिसते. शहरात 11 आणि बाहेर 16 असा तिचा अ‍ॅव्हरेज धरला तर आमच्या वापराला वर्षाला 1,03,600 रुपये लागतात, म्हणजे हायब्रिड तिच्यापेक्षा 41,000 रुपये वाचवते. आम्हाला मिळालेल्या कोटेशनांत हायब्रिड तिच्याहून अडीच लाखांनी महाग होती. ते पैसे भरून यायला सहा वर्षे. ज्यांचे किलोमीटर आमच्याहून निम्मे आहेत त्यांना ते बारा वर्षे लागतील, आणि अशा कुटुंबांनी साधी पेट्रोल गाडी घेणेच शहाणपणाचे आहे असे माझे ठाम मत आहे. डिझेल ऑटोमॅटिक आणि हायब्रिड यांच्या ऑन-रोड किमतीत मात्र आमच्यापुरता फारसा फरक नव्हता. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी चार मीटरहून लांब हायब्रिडवर एकूण 43 टक्के आणि दीड लिटरच्या डिझेलवर 45 टक्के कर होता. त्या तारखेपासून दोन्ही 40 टक्क्यांवर आले आणि हायब्रिडची ती सवलत संपली. मध्य प्रदेशात डिझेल गाडीवरचा वाहनकर पेट्रोलपेक्षा जास्त आहे, एवढाच काय तो फरक उरला.

एक विषय आकड्यांत बसणारा नव्हता. सासूबाईंना दमा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 सालीच डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. तो निष्कर्ष मुख्यतः जुन्या इंजिनांच्या धुरावरून काढलेला होता आणि डीपीएफ नीट चालत असेल तर नव्या डिझेल गाडीतून काजळी फारच थोडी बाहेर पडते, हेही तितकेच खरे. पण वारंवार दिवा लागू लागला की लोक ही गाळणीच काढून टाकतात. हे काम करून देणारे मेकॅनिक शहरात सहज भेटतात. आमच्यासमोरही एकाने ते सहज सुचवले. ते बेकायदेशीर आहे, आणि ज्या शहराने स्वच्छतेसाठी एवढे कष्ट घेतले त्या शहराच्या हवेशी ती प्रतारणा आहे. शहरात वापरली जाणारी डिझेल गाडी मालकाला या मोहापर्यंत आणते, हे मला फार गंभीर वाटते. कर्बवायूच्या बाबतीतही शहरात फरक मोठा आहे: डिझेलच्या एका लिटरमधून सुमारे 2.65 किलो आणि पेट्रोलच्या लिटरमधून सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे आमच्या मोजणीनुसार किलोमीटरला 189 ग्रॅम विरुद्ध 110 ग्रॅम. हमरस्त्यावर हे आकडे 132 आणि 121 इतके जवळ येतात.

पुढची धोरणे काय असतील याचाही विचार करावा लागला. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि तिथल्या बऱ्याच जुन्या गाड्या आपल्याकडच्या बाजारात उतरल्या. पेट्रोलियम मंत्रालयाच्या, माजी सचिव तरुण कपूर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2023 साली अशी शिफारस केली की दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांत 2027 पर्यंत डिझेलच्या चारचाकी बंद कराव्यात. सरकारने ती स्वीकारलेली नाही आणि ती तशीच अमलात येईल असे मला वाटतही नाही. पण 2011 च्या जनगणनेतच इंदूर वीस लाखांच्या जवळ पोहोचले होते. बारा-पंधरा वर्षे वापरायची वस्तू घेताना ही दिशा नजरेआड करणे मला योग्य वाटले नाही. हायब्रिडच्या बाजूनेही एक उणीव आहे, ती इथेच सांगते. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. आम्ही मोजलेला 21 चा आकडा याच पेट्रोलवरचा आहे.

राहिली बॅटरी. भाऊजींचा मूळ आक्षेप तोच होता, म्हणून वॉरंटीचा कागद मी ओळ न ओळ वाचला. हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते, अशी हमी आहे. आमच्या वापराने आठ वर्षांत लाखाच्या आतच किलोमीटर होतील. त्यानंतर बदलायची वेळ आली तरी ही विजेच्या गाडीची बॅटरी नव्हे, तिच्या तुलनेत अगदी लहान संच आहे. तरी मी हिशेबात त्यासाठी वेगळी रक्कम धरली, आणि ती धरल्यावर डिझेलच्या तुलनेतली इंधनाची बचत बरीचशी संपते हे मान्य केले. डिक्कीही लहान आहे. बॅटरीमुळे साध्या पेट्रोल प्रकारापेक्षा शंभरेक लिटर जागा जाते. पुण्याहून येताना आई जे जे बांधून देते ते सगळे आता एका खेपेत मावत नाही. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: मागच्या आसनाजवळ बॅटरीला थंड हवा देणारी जाळी असते. तिच्यासमोर पिशव्या ठेवायच्या नाहीत आणि तिची गाळणी सर्व्हिसिंगच्या वेळी साफ करून घ्यायची. आपल्याकडच्या मे महिन्यात हे विसरून चालणार नाही.

हे सगळे समोर ठेवून आम्ही हायब्रिड घेतली. वर्षाच्या 8,300 रुपयांनी आमचा निर्णय झाला नाही. छोट्या फेऱ्यांना मानवणारी गाडी, सासूबाईंचा त्रास आणि डीपीएफच्या कटकटीपासून सुटका या तिन्हींचे वजन त्याहून जास्त होते. पतींनी पुण्याच्या पहिल्याच फेरीत चढावरच्या आवाजाबद्दल तक्रार केली आणि ती रास्त आहे. मैत्रिणीने दिलेला एक सल्ला मात्र आम्ही पाळतो: ब्रेक लवकर आणि हलका दाबायचा. मोटर परत घेऊ शकेल तेवढीच शक्ती तिला दिली तर बॅटरी भरते. जोरात दाबला तर उरलेली शक्ती साध्या ब्रेकच्या पॅडमध्ये उष्णता होऊन जाते.

यानंतर भाऊजींचीही गाडी बदलायची वेळ आली आणि त्यांनी हिशेब माझ्याकडेच दिला. त्यांचे वर्षाला 30,000 किलोमीटर, त्यांपैकी 26,000 मोकळ्या रस्त्याचे. त्याच दरांनी आणि त्याच अ‍ॅव्हरेजने डिझेलला 1,45,900 रुपये आणि हायब्रिडला 1,65,200 रुपये आले. त्यांची गाळणी रोजच तापते, त्यांना घाट आठवड्याला चढावा लागतो आणि अवजारांचे सुटे भाग ठेवायला मोठी डिक्की लागते. मी त्यांना डिझेलच घ्या असे सांगितले. फक्त डीपीएफ आणि इंजेक्टर वॉरंटीत कोणत्या अटींवर येतात हे शोरूमकडून लेखी घ्या आणि युरियाच्या द्रावणाचा एक सीलबंद कॅन नेहमी घरी ठेवा, एवढे दोन मुद्दे त्यांच्या कागदावर लिहून दिले.